‘मार्केटिंगला आहे’ म्हणजे नेमका कुठे? विक्री आणि विपणनातील पदे, पायऱ्या आणि वाटा

बार्शीच्या एका तरुणाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तो यंदा बी.कॉम. झाला असून त्याला मार्केटिंगमध्ये काम करायचे आहे. त्याच्यापुढे सध्या तीन वाटा आहेत. पुण्यातील एका वित्तसेवा संस्थेत ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ म्हणून नोकरी, जिच्यात पगार नाममात्र आणि बाकी सारे कमिशनवर आहे. साबण आणि बिस्किटे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या बार्शीतील एजन्सीकडे, म्हणजे स्थानिक वितरकाकडे, सेल्समनचे काम. आणि तीन महिन्यांचा डिजिटल मार्केटिंगचा अभ्यासक्रम. मार्केटिंगमध्ये कोणकोणत्या प्रकारची पदे असतात, माणूस एका पायरीवरून दुसरीवर कसा जातो आणि एमबीए न करता किती वर जाता येते, हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या प्रश्नातील गुंता ‘मार्केटिंग’ या शब्दापासूनच सुरू होतो, म्हणून आधी तो शब्द नीट पाहू. आपल्या तालुक्याच्या गावांत ‘अमक्याचा मुलगा मार्केटिंगला आहे’ असे म्हणतात, तेव्हा तो बॅग घेऊन मोटारसायकलवर फिरतो, दुकानदारांना किंवा डॉक्टरांना भेटतो आणि महिन्याचे टार्गेट पूर्ण करतो, एवढाच अर्थ असतो. वस्तुतः तो विक्रीत असतो. याउलट मुंबईतील एखाद्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात मार्केटिंग विभाग म्हणतात तो वेगळा. माल कोणासाठी बनवायचा, किती वजनाच्या पाकिटात भरायचा, त्यावर कोणती किंमत छापायची आणि लोकांना त्याविषयी काय सांगायचे, हे तिथे ठरते. अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये या साऱ्याची चार भागांत मांडणी केली: वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी. यांपैकी वस्तू आणि किंमत यांवर बार्शीच्या बाजारात फिरणाऱ्या सेल्समनचा काडीचाही अधिकार नसतो. प्रसिद्धी त्याला तयार मिळते. वितरण मात्र त्याच्या पायांवर उभे असते. दोन्ही कामे सारखीच मानाची आहेत, पण ती वेगळी आहेत, आणि विक्रीच्या जागेला जाहिरातीत ‘मार्केटिंग’ म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे दरवर्षी अनेक मुले भलत्याच नोकरीत जाऊन सहा महिन्यांत बाहेर पडतात. ‘सेल्समन’ म्हटले की घरचे नाराज होतात, म्हणून कंपन्या शब्द बदलतात. काम तेच राहते.

मी 1998 मध्ये सोलापूर जिल्ह्यात सेल्स ऑफिसर म्हणून कामाला लागलो. त्यानंतर विक्रीत आणि पुढे काही वर्षे ब्रँडच्या बाजूला, म्हणजे मुख्य कार्यालयातील मार्केटिंग विभागात, अशी 27 वर्षे याच धंद्यात गेली. रोजच्या वापराच्या वस्तूंचा, म्हणजे साबण, तेल, बिस्किटे यांचा व्यवसाय मी आतून पाहिला आहे, म्हणून तुम्हाला पायऱ्या समजावताना मी तोच आधाराला घेतो. औषधे, शेतीच्या निविष्ठा (बियाणे, खते, कीटकनाशके), कारखानदारी आणि जाहिरात संस्था यांविषयी पुढे लिहिले आहे, पण तिथे माझी माहिती शेजाऱ्याची आहे.

पदनावे कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचा एरिया मॅनेजर सहा जणांचा साहेब असतो, तर दुसऱ्या कंपनीचा एरिया मॅनेजर एकटाच पिशवी घेऊन फिरतो. त्यामुळे एखाद्या पदाची खरी पायरी ओळखायला मी दोन प्रश्न विचारतो. या पदावरच्या माणसाने चूक केली तर ती किती दिवसांनी दिसते? आणि त्या चुकीत कोणाचे पैसे जातात? सेल्समनची चूक संध्याकाळी दिसते. सेल्स ऑफिसरची महिनाअखेरीस, एरिया मॅनेजरची तिमाहीत, विभागाच्या प्रमुखाची वर्षाने, आणि ब्रँडच्या बाजूला घेतलेल्या चुकीच्या निर्णयाची किंमत कधीकधी दोन-तीन वर्षांनी मोजावी लागते.

हे नुकत्याच घडलेल्या एका घटनेवरून चांगले कळेल. 3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेने साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला आणि नवे दर 22 सप्टेंबरपासून लागू झाले. त्याच दिवशी घटस्थापना होती आणि दिवाळी महिन्याभरावर आली होती. निर्णय जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सेल्समनला प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळू लागले: ‘आता माल नको, 22 तारखेनंतर या.’ त्याचा प्रश्न त्या दिवसाच्या ऑर्डरचा होता. सेल्स ऑफिसरपुढे एजन्सीचा प्रश्न होता, कारण गोदामात 18 टक्के कर भरून घेतलेला माल पडून होता आणि तो 5 टक्के कर लावून विकायचा होता. किमतीतील फरकाचा क्लेम, म्हणजे भरपाई, कंपनी केव्हा देणार, हे एजन्सीमालक त्यालाच विचारत होता. एरिया मॅनेजरला आपल्या तीन-चार जिल्ह्यांतील कोणत्या एजन्सींकडचा साठा आधी हलका करायचा आणि दिवाळीचा माल कोणाला आधी द्यायचा, हे ठरवायचे होते. त्याच्या वर, शिल्लक मालावर सुधारित किमतीची चिकटपट्टी लावण्याची सवलत केंद्र सरकारने दिली होती, तिचा उपयोग डेपोत करायचा की सोडून द्यायचा, हा खर्चाचा हिशेब चालू होता.

ब्रँडच्या खोलीत वेगळीच चर्चा होती. 5 रुपयांच्या पाकिटात पूर्वीचा कर काढून नवा लावला, तर किंमत साधारण 4 रुपये 45 पैसे होते. किराणा दुकानात पंचावन्न पैसे परत कोण देणार? दुसरा मार्ग म्हणजे किंमत 5 रुपयेच ठेवून वजन सुमारे 12 टक्क्यांनी वाढवणे. पण त्यासाठी पाकिटाचा नवा कागद छापावा लागतो, भरणाऱ्या यंत्राचे माप बदलावे लागते आणि जुना कागद वाया जातो. काही कंपन्यांनी तेवढ्या काळापुरती साडेचार रुपयांच्या आसपासची किंमत छापलीही. घटना एकच होती, पण प्रत्येक पायरीवरच्या माणसाला ती वेगळ्या लांबीची दिसत होती. मार्केटिंगमधील पदांची उतरंड मला याहून चांगली समजावता येणार नाही.

आता प्रत्येक पायरीकडे पाहू. सर्वात खाली सेल्समन असतो, आणि इथे तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत हा माणूस कंपनीचा नोकर नसतो. तो एजन्सीच्या किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेच्या पगारपत्रकावर असतो, जरी त्याच्या शर्टावर कंपनीचे नाव असले तरी. ज्या एजन्सीत 20 पेक्षा कमी माणसे आहेत, तिला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागू होत नाही, म्हणून हे आधी विचारून घ्यावे. काम ठरलेल्या बीटचे असते. सोमवारी कसबा पेठ, मंगळवारी बाजार समितीचा रस्ता, बुधवारी वैरागकडची गावे, अशी आठवड्याची आखणी असते. माझ्या काळात आम्ही सेल्समनबरोबर दिवसाला चाळीस दुकाने करायचो आणि कार्बनचा कागद घालून ऑर्डर लिहायचो. आता ऑर्डर मोबाइलवर घेतली जाते आणि तुम्ही दुकानासमोर होता की नाही, हेही त्यावरून कळते. मोजमाप मात्र तेच आहे: किती दुकानांत गेलात, त्यांपैकी किती दुकानांनी माल घेतला आणि प्रत्येक बिलात किती वेगवेगळ्या वस्तू होत्या. नवशिक्या सेल्समनला एकाच दुकानातून मोठी ऑर्डर मिळाली की आनंद होतो. अनुभवी सेल्समन मात्र पाच दुकानांत प्रत्येकी दोन नव्या वस्तू ठेवतो, कारण मोठी ऑर्डर पुढच्या आठवड्यात येत नाही, ठेवलेली वस्तू मात्र पुन्हा मागितली जाते.

पुढची पायरी सेल्स ऑफिसरची. कंपनीच्या पगारावरची ही पहिली जागा, आणि या क्षेत्रातील सर्वाधिक शिकवणारी. त्याच्याकडे एक-दोन तालुके किंवा एक जिल्हा, काही एजन्सी आणि त्यांचे सेल्समन असतात. वरून पाहणाऱ्याला वाटते की त्याचे काम माल विकणे आहे. खरे पाहता त्याचे काम एजन्सीमालकाचा पैसा सांभाळणे हे आहे. याचे गणित एकदा मांडून दाखवतो, कारण हे गणित येणारा सेल्स ऑफिसर लवकर वर जातो. समजा, एजन्सीच्या गोदामात 6 लाखांचा माल आहे, बाजारात 4 लाखांची उधारी आहे आणि कंपनीकडे 1 लाखाचे क्लेम अडकले आहेत. म्हणजे त्याचे 11 लाख रुपये गुंतले. महिन्याची विक्री 20 लाख आणि त्यावर 5 टक्के मार्जिन धरले, तर 1 लाख मिळतात. सेल्समनचे पगार, टेम्पो, गोदामाचे भाडे यांवर 75 हजार जातात आणि 25 हजार उरतात. वर्षाचे 3 लाख, म्हणजे गुंतवणुकीवर सुमारे 27 टक्के. धंदा ठीक चालला आहे. आता मार्चअखेरीस टार्गेटसाठी त्याच्याकडे गरजेपेक्षा 5 लाखांचा माल जास्त टाकला आणि तो तसाच तुंबून राहिला, तर गुंतवणूक 16 लाख होते, नफा तेवढाच राहतो आणि परतावा 19 टक्क्यांच्याही खाली येतो. त्यातून मुदत संपत आलेला माल गेला, की एजन्सीमालक दुसऱ्या कंपनीची एजन्सी शोधू लागतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तालुक्याच्या गावी मी मार्चमध्ये एजन्सीवर खोबरेल तेलाचे खोके ओतले. तिथले लोक उन्हाळ्यात ते तेल लहान बाटलीतच घेत, आणि मी तर मोठ्या बाटल्या टाकल्या होत्या. माझे टार्गेट पूर्ण झाले, मला बक्षीसही मिळाले. जुलैमध्ये त्या गृहस्थांनी एजन्सी सोडली, आणि अकरा वर्षे एकाच कंपनीचे काम केलेल्या त्या माणसाने जाताना मला चहा पाजला, हे मी अजून विसरलेलो नाही. त्या गावात पुन्हा नीट एजन्सी उभी करायला माझ्यानंतरच्या सेल्स ऑफिसरला दीड वर्ष लागले. कंपनीने एजन्सीला विकलेला माल आणि एजन्सीने दुकानांना विकलेला माल, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी, यांतील फरक मी त्या जुलैत शिकलो. तुमचा साहेब फक्त प्रायमरी विचारत असला, तरी तुम्ही स्वतःच्या वहीत सेकंडरी लिहीत राहा.

एरिया सेल्स मॅनेजर म्हणजे पाच-सहा सेल्स ऑफिसरांचा साहेब. इथे पहिल्यांदाच स्वतः विकण्यापेक्षा दुसऱ्याकडून विकून घेणे महत्त्वाचे ठरते आणि पुष्कळ चांगले विक्रेते नेमके इथेच अडकतात. आपल्या हाताखालच्या मुलाची ऑर्डर स्वतः घेऊन देणारा साहेब लोकप्रिय होतो, पण त्याचा माणूस तयार होत नाही. त्याच्या वर विभागाचा किंवा राज्याचा प्रमुख असतो. महाराष्ट्राची विभागणी बहुतेक कंपन्या मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र अशी करतात. या दुसऱ्या भागाला कंपन्यांच्या बोलीत ‘आरओएम’ म्हणतात, गोवा बहुधा त्यालाच जोडलेला असतो आणि विदर्भाचा कारभार अनेकदा नागपुरातून चालतो. या पातळीवर वाहतूक आणि साठवणूकही समजावी लागते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी येण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात डेपो ठेवत. ते कारण संपल्यावर अनेकांनी डेपो कमी केले आणि भिवंडीसारख्या ठिकाणची गोदामे मोठी झाली. अशा बदलांत कोणत्या जिल्ह्याला माल एक दिवस उशिरा पोहोचेल, हे ज्याला आधी दिसते तो या पदावर टिकतो.

विक्रीच्या या शिडीला अलीकडे दोन फांद्या फुटल्या आहेत. मोठी सुपरमार्केट आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स यांच्याशी व्यवहार करणारा की अकाउंट मॅनेजर, ही एक. त्याला चाळीस दुकाने नसतात, दोन-तीनच गिऱ्हाइके असतात, पण त्यांतले एक रुसले तर महिना बुडतो. दुसरी फांदी ट्रेड मार्केटिंगची. दुकानदारांसाठीच्या स्कीम आखणे, दुकानातली मांडणी ठरवणे, नवी वस्तू बाजारात कशी उतरवायची याचा आराखडा करणे, हे तिचे काम. तुमच्यासारख्या विक्रीतून सुरुवात करणाऱ्या मुलाला मुख्य कार्यालयात जायचे असेल, तर माझ्या मते सर्वात उघडे दार हेच आहे. कारण इथे बाजारात फिरलेल्या माणसाला जे ठाऊक असते, ते कार्यालयातल्या माणसाला पुस्तकातून मिळत नाही.

ब्रँडची शिडी वेगळी. तिचा उगम सांगण्यासारखा आहे. 13 मे 1931 रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधील नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने तीन पानांचे टिपण लिहिले. तो कॅमे साबणाचे काम पाहत होता आणि त्याच कंपनीच्या आयव्हरी साबणापुढे कॅमेकडे कोणाचे लक्ष जात नव्हते. प्रत्येक ब्रँडचा एक स्वतंत्र माणूस असावा, त्याने विक्रीचे आकडे जिल्ह्यागणिक अभ्यासावेत, कुठे ब्रँड चालतो आणि कुठे नाही, याची कारणे शोधावीत आणि त्याची जबाबदारी घ्यावी, असे त्याने सुचवले. हाच मॅकेलरॉय पुढे कंपनीचा अध्यक्ष आणि नंतर अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. आजची असिस्टंट ब्रँड मॅनेजर, ब्रँड मॅनेजर, ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, मार्केटिंग मॅनेजर आणि शेवटी मार्केटिंग प्रमुख ही साखळी तिथून आली आहे. या कामाचे वैशिष्ट्य असे की ब्रँड मॅनेजरच्या हाताखाली एक-दोनच माणसे असतात, पण कारखाना, विक्री, जाहिरात संस्था, संशोधन संस्था, हिशेब विभाग आणि कायदा विभाग या सर्वांकडून त्याला काम करवून घ्यावे लागते, आणि त्यांपैकी कोणीही त्याला उत्तरदायी नसते. जाहिरातीचे चित्रीकरण हा त्याच्या वर्षातील फार थोडा भाग. उरलेले दिवस विक्रीचा अंदाज, पाकिटाच्या मागच्या बाजूचा मजकूर, खर्चाचा ताळमेळ आणि प्रतिस्पर्ध्याची नवी किंमत यांत जातात.

एमबीएच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. मोठ्या कंपन्यांच्या ब्रँड विभागात थेट प्रवेश मोजक्या व्यवस्थापन संस्थांमधूनच होतो, आणि ते प्रशिक्षणार्थीही आधी काही महिने विक्रीत बाजार फिरतात. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था ही आपल्या राज्यातील त्यांपैकी एक, आणि राज्याच्या सीईटीतून तिथे जाता येते. सामान्य संस्थेतून पैसे भरून केलेली एमबीए या दारापर्यंत नेत नाही, हे मी कितीतरी कुटुंबांना समजावले आहे आणि त्यांतल्या काहींनी तोवर कर्ज काढलेले होते. मध्यम आकाराच्या भारतीय कंपन्यांत मात्र विक्रीतून ब्रँडकडे जाणारी माणसे मी पाहिली आहेत. विक्रीच्या शिडीवर पदवीची अडचण एरिया मॅनेजरपर्यंत सहसा येत नाही. त्याच्या वर एमबीए नसलेली माणसेही पोहोचतात, पण तोवर त्यांनी आकडे, इंग्रजी पत्रव्यवहार आणि सादरीकरण या तिन्ही गोष्टी स्वतःच्या कष्टाने शिकलेल्या असतात.

औषधांच्या व्यवसायात पहिली पायरी वैद्यकीय प्रतिनिधीची, म्हणजे एमआरची. त्याच्या नोकरीच्या अटींसाठी 1976 साली स्वतंत्र कायदा झाला, यावरून या व्यवसायात विक्री करणाऱ्यांची संख्या आणि संघटना किती जुनी आहे हे कळते. इथे गिऱ्हाईक पैसे देत नाही आणि पैसे देणारा निवड करत नाही. डॉक्टर औषध लिहितो, रुग्ण ते विकत घेतो. म्हणून एमआरला डॉक्टरच्या भेटीनंतर मेडिकलच्या दुकानात जाऊन कोणाची चिठ्ठी किती आली हे पाहावे लागते; याला आरसीपीए म्हणतात, आणि हे काम कंटाळा न करता करणारा पुढे एरिया बिझनेस मॅनेजर होतो. ज्यांना वाचनाची आवड आहे ते मुख्य कार्यालयातील प्रॉडक्ट विभागाकडे वळतात. बी.फार्म. किंवा बी.एस्सी. असेल तर उत्तम, पण बी.कॉम. झालेल्यांनाही अनेक कंपन्या घेतात. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची नवी आचारसंहिता लागू केली आणि डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देण्यास मनाई केली. ज्यांची विक्री भेटवस्तूंवर उभी होती त्यांना हे जड गेले, पण ज्यांना औषधाची माहिती नीट सांगता येते त्यांच्यासाठी ही चांगली वेळ आहे.

बियाणे, खते आणि कीटकनाशके यांच्या कंपन्यांचा मोठा पसारा महाराष्ट्रात आहे. तिथे प्रत्यक्ष शेतात प्रात्यक्षिक लावणारा, शेतकरी मेळावा आणि शिवार फेरी घेणारा मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर ही खास जागा असते. पण ती बहुधा बी.एस्सी. ॲग्री झालेल्यांकडे जाते, म्हणून तुमच्यासाठी मी तिच्यात अधिक शिरत नाही. चाकण किंवा चिंचवडच्या कारखान्यांना सुटे भाग विकणाऱ्या कंपन्यांचेही तसेच. तिथे विक्री करणारा बहुतेक वेळा अभियंता असतो, एका ऑर्डरला वर्ष लागते आणि नमुना मंजूर झाल्यावाचून एक नगही विकला जात नाही.

जाहिरात संस्थांत कंपनीशी बोलणारे, मजकूर लिहिणारे, चित्र करणारे आणि जागा व वेळ विकत घेणारे असे चार वेगवेगळे व्यवसाय एकाच छपराखाली राहतात. मराठी चांगले लिहिणाऱ्याला तिथे आज पूर्वीपेक्षा जास्त काम आहे, मात्र हिंदी ओळीचे भाषांतर करून देण्यापेक्षा मूळ मराठीत विचार करणारा हवा असतो. किर्लोस्करवाडीला 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याचे मुखपत्र म्हणून, आणि तिचे पुढे मराठीतील एक मोठे मासिक झाले. गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल असा मजकूर देऊन त्याच्याशी नाते ठेवण्याच्या या कामाला आज कंटेंट मार्केटिंग म्हणतात. बाजार संशोधनात घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्यापासून सुरुवात होते. घराचा आर्थिक-सामाजिक वर्ग ठरवण्यासाठी 2011 पासून कुटुंबातील मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि ठरावीक 11 वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढेच पाहण्याची पद्धत आली, ती याच क्षेत्रातील लोकांनी ठरवली. आकड्यांची आवड असलेल्याने इथे अवश्य यावे.

डिजिटल मार्केटिंगविषयी तुम्ही विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ते एक काम नाही. शोधयंत्रात संकेतस्थळ वर आणणे, पैसे देऊन जाहिरात चालवणे, समाजमाध्यमे सांभाळणे, जुन्या गिऱ्हाइकांना संदेश पाठवणे आणि आकड्यांचा अर्थ लावणे, ही पाच वेगळी कौशल्ये आहेत आणि तीन महिन्यांत त्यांपैकी एकाचीच नीट तोंडओळख होते. पदनावेही इथे फार लवकर मोठी होतात. दोन माणसांच्या कार्यालयात बाविसाव्या वर्षी ‘मॅनेजर’ होता येते. म्हणून इथे माझे दोन प्रश्न तिसऱ्या रूपात विचारा: महिन्याला दुसऱ्याचे किती पैसे तुमच्या हातून खर्च होतात आणि त्याचा हिशेब तुम्ही कशात देता? एखाद्या क्लासने 50 हजार रुपये जाहिरातीवर घातले आणि 200 चौकशा आल्या, तर एक चौकशी 250 रुपयांना पडली. शिकाऊ माणूस इथेच थांबून अहवाल पाठवतो. जाणकार पुढे विचारतो की प्रवेश किती झाले. आठ झाले असतील, तर एक प्रवेश 6,250 रुपयांना पडला, आणि फी 15 हजार असेल तर शिक्षकाचा पगार कुठून निघणार, हे पाहावे लागते. बहुतेक वेळा दोष जाहिरातीत नसतो. चौकशी आल्यावर क्लासकडून दुसऱ्या दिवशी फोन जातो, हा दोष असतो. दुकानात उभे राहून गिऱ्हाईक पाहिलेल्या मुलाला हे चटकन कळते. म्हणूनच अभ्यासक्रम करायचा तर आधी वर्षभर बाजार पाहून करावा, असे मी सांगतो. शिवाय 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर लोकांचे नंबर कुठून तरी मिळवून संदेश पाठवण्याचे दिवस संपत आले आहेत, आणि तेवढेच शिकवणाऱ्या वर्गात पैसे घालू नयेत.

आता तुमच्या तीन वाटा. पुण्याच्या जागेविषयी तुम्ही जे लिहिले आहे, त्यावरून तिथे तुम्हाला पहिल्या महिन्यात नातेवाईक आणि मित्र यांची यादी करायला सांगतील. ओळखी संपल्या की उत्पन्न संपते आणि हाती कौशल्य उरत नाही. वित्तसेवांची विक्री हा चांगला व्यवसाय आहे, पण तो ठरलेला पगार, प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन मिळालेला परवाना यांसह करावा. कोणी रुजू होताना अनामत रक्कम मागितली, तर तिथून उठून यावे.

माझे मत एजन्सीच्या कामाकडे झुकते, मात्र एका मुदतीसह. अठरा महिने करा. पहिल्या सहा महिन्यांत आपल्या बीटवरचे प्रत्येक दुकान, त्याचा मालक, त्याची उधारीची सवय आणि सणांचा कल वहीत उतरवा. नंतरच्या सहा महिन्यांत एजन्सीमालकाकडून क्लेम, मुदत संपलेला माल आणि परताव्याचे गणित शिका, बी.कॉम. झाल्यामुळे तुम्हाला ते इतरांपेक्षा सोपे जाईल आणि मालकालाही तुमची मदत होईल. शेवटच्या सहा महिन्यांत त्याच कंपनीच्या आणि तिच्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सेल्स ऑफिसरांना आपले काम दाखवा. बहुतेक कंपन्यांत सेल्स ऑफिसरच्या जागा भरताना एरिया मॅनेजर आधी बाजारातच चौकशी करतो, आणि आम्ही त्या वेळी ‘या बीटवर चांगला मुलगा कोण आहे?’ हा प्रश्न दुकानदारांनाच विचारतो. अठरा महिन्यांनी कंपनीच्या पगारपत्रकावर जागा मिळाली नाही, तर थांबू नका. औषध कंपनीचा किंवा डिजिटलचा मार्ग तेव्हाही खुला असेल आणि तुमच्या हाती दाखवण्यासारखे आकडे असतील.

होकार देण्यापूर्वी एजन्सीमालकाला तीन गोष्टी विचारा. पगार कोणाच्या नावाने निघेल, पेट्रोलचा खर्च वेगळा मिळेल की पगारातच धरला आहे, आणि या बीटवरचा आधीचा सेल्समन काम का सोडून गेला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्य झाल्यास त्या सेल्समनलाच भेटून घ्या. तो कुठे भेटेल, हे त्याच्या बीटवरचा कोणताही किराणा दुकानदार सांगेल.